आत्यांचे गळे, काकांचे ठोके

नाना, भाऊची गोळी आजपासून अर्धी झाली. डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या ठोक्यांची ती लांब पट्टी टेबलावर पसरली, एकेका ठोक्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "काकाजी, अब सब लाइन में हैं." भाऊ माझ्याकडे बघून असा हसला, जणू आत्ताच दहावीचा निकाल लागलाय. तुमचा तो एवढासा मुलगा आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. केस गेलेत, बँकेतली दोन वर्षं उरलीत, पण हसू तेच. आता तो जेवून आतल्या खोलीत घोरत पडलाय, संध्याकाळच्या बसने धारला जाईल, आणि मी इथे देवासच्या घरात जेवणाचं टेबल पुसून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण तुम्हाला ठाऊक नाही असं काही सांगायला माझ्याकडे नव्हतंच. आज आहे, आणि गंमत म्हणजे ते तुमच्याबद्दलच आहे.

तुमच्या महालयाच्या वहीबद्दल. पितृपक्षात आपल्याकडे नुसत्या बाप-आजा-पणजाच्या नावाने पाणी सोडत नाहीत. काका, मामा, आत्या, मावश्या, बहिणी, सासरे, गुरू, सगळ्यांची नावं घ्यावी लागतात, म्हणून घरोघरी नावांची यादी असते. तशी आपल्याकडेही होती. पण तुमच्या वहीत एक रकाना जास्त होता, 'कसे गेले'. त्याला कारणही शास्त्रातलंच. अपघाताने गेलेल्याचं श्राद्ध घातचतुर्दशीला, नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचं अविधवा नवमीला, तेव्हा कोण कसं गेलं हे माहीत असायला हवं. दुसरा कोणी 'अपघात' नाहीतर 'आजार' एवढं लिहून थांबला असता. तुम्ही पडलात मास्तर, तुम्हाला थांबता कुठे येत होतं? जुन्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून तुम्ही त्या रकान्यात काय काय भरून ठेवलंत. 'अंग वाळलेले. पौषातही पांघरूण नको. हात कापे, दूध बशीत सांडे. स्वभाव तापट. पूजेस बसले असता गेले.' एका ओळीचा रकाना, आणि त्यात तुम्ही मुंगीएवढ्या अक्षरात अख्खं माणूस बसवत होतात.

मला नालछ्याच्या शाळेजवळचं आपलं घर दिसतं. रविवारची दुपार आहे. आई उकडून भाजायच्या बाफल्यांची कणीक तिंबते आहे, बाहेरून मांडूकडे जाणारी एखादी मोटार धूळ उडवत जाते, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर मी बसले आहे. मी आठवीत. शाळा हिंदी, मैत्रिणी मालवी बोलणाऱ्या, आणि माझं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते सुधारावं म्हणून तुम्ही मला ती वही उतरवून काढायला बसवलंय. दोन रविवार मी लिहिते आहे. मग मला कंटाळा येतो, आणि मी आजोबांच्या तिन्ही बहिणी, त्यांच्या मुलाबाळांसकट, सरळ गाळून टाकते. तुम्ही पानं तपासता. "ह्या कुठे गेल्या?" मी म्हणते, "त्या तर सासरी गेल्या. त्यांचं त्यांच्या घरचे लिहितील." तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशीही नाही, पण तुमचा आवाज असा चढला की आईने कणकेतले हात बाहेर काढले. "लेक सासरी गेली म्हणजे रक्त इथे ठेवून गेली काय? पुन्हा लिही. पहिल्या पानापासून." मी नाक ओढत पुन्हा लिहिलं. तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की मी मुद्दाम तुमच्या एका आत्याच्या नावावर शाई सांडली. तुम्ही ते पानही परत लिहायला लावलंत.

आपल्या घराला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे आपली माणसं चटपटीत. संस्थानच्या कचेरीत पणजोबा कामाला होते तेव्हापासूनची ही ख्याती, की ह्यांच्या घरातला माणूस बसलेला दिसायचा नाही. शिडशिडीत, तरतरीत, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारे, थंडी न वाजणारे, आणि नाकावर राग. लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा हे सांगितलं जाई. दुसरा अभिमान असा, की आपल्याकडे कोणी अंथरुणाला खिळत नाही. पन्नाशी-साठीत माणूस उठता-बसता जातो. धाकटे काका देवावर अभिषेक करताना गेले, तर घरचे रडता रडता सांगत होते की हातातली पळीसुद्धा खाली पडली नाही. पुण्याईचं मरण म्हणायचे त्याला. तुम्ही धारच्या घरी खुर्चीत गेलात, मांडीवर पेपर, नाकावर चष्मा, सहासष्टाव्या वर्षी, आणि तेराव्याला आलेला जो तो मला सांगत होता, "काय भाग्यवान बाप तुझा!" मीही मान डोलावत होते. इतर घरं आजार लपवतात. आपण पिढ्यानपिढ्या त्याची मिरवणूक काढली, नाना.

आणि मी कोण, तर रक्त तपासणारी. त्यासाठी तर तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. मी लॅबचा कोर्स करायचा म्हटला तेव्हा थोरल्या आत्या निसरपुराहून आल्या होत्या. मोठे मोठे डोळे, भरलेला गळा, एका दमात दहा वाक्यं. "आपल्या घरची पोर लोकांचं रक्त हातात घेणार? शोभतं का रे तुला?" तुम्ही चहाचा कप त्यांच्या कापत्या हातातून काढून खाली ठेवलात आणि म्हणालात, "कोणीतरी घ्यायलाच हवं ना, अक्का. आपल्या पोरीने घेतलं तर नळीवर नाव तरी नीट लिहील." मी पुढे पस्तीस वर्षं देवासच्या लॅबमध्ये नळ्यांवर नावं लिहिली. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं असं माझ्या हातून एकदाही झालं नाही. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणात हेच सांगितलं, आणि मी तुमच्या त्या वाक्याची आठवण येऊन सगळ्यांसमोर रडले. निवृत्त झाले तरी सकाळचे तीन तास अजून जातेच.

तर मागच्या सर्वपित्रीला मी धारला गेले होते. भाऊने हौसेने कपाटातून एक जुनी पँट काढून दाखवली. "बघ ताई, लग्नातली बसून राहिली मला! ना डाएट, ना जिम." मला ते कौतुकाचंच वाटलं. स्वयंपाकघरात गेले तर वहिनी अळू चिरता चिरता हळूच म्हणाल्या, "वन्सं, पंखा पाचावर असतो तरी ह्यांना घाम. आणि चिडचिड तर विचारूच नका. परवा भाजीवाल्याशी भांडले." मग भाऊ तर्पणाला बसला. गुरुजी एकेक नाव घेत होते आणि तो हातावरून तीळ-पाणी सोडत होता. ते पाणी ताम्हनात कमी आणि पाटावर जास्त पडत होतं. हात कापत होता त्याचा. गुरुजी सांगत होते 'सावकाश', आणि तो म्हणत होता 'चालू द्या, चालू द्या'. मी दारातून बघत होते आणि माझ्या डोक्यात तुमच्या वहीतलं ते 'दूध बशीत सांडे' फिरायला लागलं.

जेवणं झाल्यावर तो आडवा झाला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. तीन ठोके पळत आले, मग काहीच नाही, मग दोन, मग एक उशिराने, मग पुन्हा पळापळ. त्यात कसली शिस्त नव्हती. मी म्हटलं, भाऊ, हे बरोबर नाही, उद्याच्या उद्या पट्टी काढायची. तर हा म्हणतो, "ए ताई, सोड ना यार. फालतू टेन्शन घेऊन राहिली तू. हे आपल्या घरचंच आहे. नाना कसे गेले? हातात पेपर, चष्मा नाकावर. मला पण तसंच जायचंय, शानमध्ये. नळ्या घालून पडायचं नाही मला." वहिनी पानाचं तबक घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. तबक तिथेच स्टुलावर ठेवून त्या आत गेल्या. मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसलं की एखाद्या दुपारी हा असाच खुर्चीत बसेल, आणि त्या त्याला चहाला हाका मारत राहतील. मला रागाने रडू आलं. पुण्याई असेल तर ती मरणाऱ्याची, मागे राहणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं ते मी आईकडे बघितलंय.

त्या दिवशी रक्त काढता येईना. अमावास्या, श्राद्धाचा दिवस, वहिनीही म्हणाल्या, आज नको. भाऊला वाटलं सुटलो. मी मुक्काम ठोकला. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, ही त्याची दुसरी सबब तयार होती, पण मी सकाळीच त्याचा दंड आवळून बसले. सुई-नळी माझ्या पर्समध्ये असतेच. "देवी बसायच्या आधी पाच मिनिटं लागतील," म्हटलं, "हलू नकोस." नळीवर नाव लिहिलं, बर्फाच्या डब्यात ठेवली, आणि तो डबा मांडीवर घेऊन बसने देवासला आले. त्याच दुपारी मशीनने आकडा दिला. टीएसएच जवळजवळ शून्य. गळ्यातली थायरॉइड बेफाम धावायला लागली की मेंदू तिला पुढे ढकलायचं सोडून देतो, म्हणून हा आकडा खाली जातो. असे आकडे मी हजारदा कागदावर उतरवलेत. माझ्याच भावाच्या नावापुढे उतरवताना मात्र खुर्ची ओढून बसावं लागलं.

तरी गडी ऐकेना. शेवटी वहिनींनी सांगितलं, तुम्ही हृदयाची पट्टी काढेपर्यंत माझे नवरात्राचे उपास सुटायचे नाहीत, दसरा झाला तरी. तेव्हा कुठे तो बसमध्ये बसला. देवासला दर गुरुवारी इंदूरहून हृदयाच्या डॉक्टरीणबाई येतात, माझ्या मुलीच्या वयाच्या. पट्टी काढणारा पोऱ्या म्हणाला, "भिया, हाथ ढीला छोड़ो, मुट्ठी मत बाँधो," तर हा त्याच्यावरच खेकसला. पट्टी बघून बाईंनी सरळ सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे ठोके देण्याऐवजी नुसते थरथरताहेत, अशा वेळी आत रक्ताची गाठ होऊ शकते, ती मेंदूत गेली की लकवा, नाहीतर सगळंच संपतं. थायरॉइड आवरली तर ठोकेही बहुधा आवरतील. गोळ्या आजपासून.

त्यावर आपल्या भाऊने काय करावं? खिशातून मोबाइल काढला आणि दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेल्या आपल्या छापील वंशावळीचा फोटो बाईंना दाखवला. "मैडम, ये देखिए. पाँच पीढ़ी. हमारे यहाँ सब ऐसे ही जाते हैं, बैठे-बैठे. बीमारी-विमारी नहीं है ये." असा अभिमानाने, जणू पदकं दाखवतोय. बाईंनी फोटो मोठा करून वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, "इसमें तो सब आदमी हैं. औरतें किधर हैं?" भाऊ म्हणाला, "औरतें वंशावळ में नहीं होतीं, मैडम." आणि नाना, माझ्या तोंडून असं जोरात निघालं की बाहेरचे पेशंट आत डोकावले. "आहेत! आमच्याकडे आहेत!"

तुमची वही तेराव्यानंतर भाऊने मला देऊन टाकली होती. 'नानांचं अक्षर मला कुठे लागतं, तू ठेव,' म्हणाला होता. तर्पणाला गुरुजींकडे नुसत्या नावांचा कागद असतो, त्यामुळे 'कसे गेले' हा रकाना त्याने कधी पाहिलाच नव्हता. खरं सांगायचं तर मीही ती पेटीच्या तळाशी घालून ठेवली होती. रिक्षाने घरी जाऊन मी ती घेऊन आले. बाई माझ्यासाठी थांबल्या. मी तुमचं एकेक पान वाचत होते आणि हिंदीत सांगत होते, आणि त्या एका कागदावर माणसांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल काढत होत्या. आजोबांची मधली बहीण, 'गळा भरलेला, डोळे पुढे आलेले, झोप नाही.' आजोबांचे भाऊ, 'ओसरीवर बोलता बोलता गेले.' धाकटी बहीण, 'गळ्यास सूज, अंगावर कपडा सहन होत नसे.' तिचा मुलगा, 'छातीत धडधड, बत्तिसाव्या वर्षी उजवे अंग गेले.' मग थोरल्या आत्यांचं पान आलं. 'गळा गंधवानीच्या बायकांसारखा, परंतु मीठ तर चांगले खात असे. मग कशाने? ठोके मोजले, मोजता आले नाहीत.' गंधवानीला तुमची पहिली नेमणूक होती, तिथल्या बायकांचे सुजलेले गळे पाहून तुम्ही नर्सबाईंकडून, आयोडीनचं चांगलं मीठ नसलं की गळा सुजतो, ही सगळी माहिती घेतली होतीत, हे आईने सांगितलेलं. पण सख्ख्या बहिणीचं मनगट धरून तुम्ही ठोके मोजत बसला होतात, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. कागदावर एका बाजूला आत्यांचे गळे जमत गेले, एका बाजूला काकांचे ठोके. बाई मधेमधे प्रश्न विचारत होत्या.

मग शेवटचं पान. ते मी आधी वाचलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. ते कोणा गेलेल्या माणसाचं नव्हतं, तुमचंच होतं, नालछ्यातलं. 'आज फळ्यावर लिहिताना ठोके चुकले. डोळ्यांपुढे अंधारी. मुलांस पाढे म्हणावयास लावून खुर्चीवर बसून राहिलो. भय वाटले. घरी सांगितले नाही. अक्काचा गळा व माझे ठोके ह्यांचा काही संबंध असावा काय? एकाच रक्तातून दोन्ही आले असावे काय? डॉक्टरांस विचारावे.'

मी ते हिंदीत सांगितलं. बाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "ये सवाल किसने लिखा है?" मी म्हटलं, "आमच्या वडिलांनी. शाळामास्तर होते." त्यांनी वही आपल्याकडे ओढून घेतली. अक्षर त्यांना लागत नव्हतं तरी त्या ओळीवरून बोट फिरवून त्यांनी पुन्हा विचारलं, कब लिखा? मी वर्ष सांगितलं. त्या वेळी मला जे वाटलं ना नाना, ते मी कुठल्या शब्दांत सांगू? माझी मान आपोआप ताठ झाली. पोरीला पहिला नंबर मिळाला की बापाची होते तशी, फक्त इथे नंबर बापाला मिळाला होता.

भाऊ मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. "भय वाटले, असं लिहिलंय?" मी म्हटलं, हो. "आणि कोणालाच सांगितलं नाही? आईला पण नाही?" मी म्हटलं, नाही लिहिलंय. त्याने मोबाइलमधला तो फोटो पुन्हा उघडला. मग म्हणाला, "म्हणजे शानबिन काही नव्हती." मी म्हटलं, "शेवटच्या क्षणाचं आपल्याला काय माहीत, भाऊ. पण त्याआधी किती वर्षं ते एकटेच घाबरत होते, एवढं खरं." त्याने मोबाइल खिशात घातला, शर्टाची कॉलर नीट केली, आणि तुमच्यासमोर पाढे म्हणायला उभा राहायचा तसा हात मागे बांधून उभा राहिला. "मैडम, पिताजी का सवाल रह गया था. मैं पूछ रहा हूँ. संबंध है कि नहीं?"

"है, काकाजी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर तुम्ही लाल शाईने दुरुस्त करा. थायरॉइड किती वेगाने चालावी हे थोडंफार माणूस जन्माला येतानाच घेऊन येतो, आईकडून काही, बापाकडून काही. आणि रक्तातल्या त्याच काही खुणांचं हृदयाच्या तालाशीही नातं असल्याचं आता दिसू लागलंय. म्हणून एकाच घरात एकीचा गळा भरतो, दुसऱ्याचे ठोके चुकतात, आणि तिसऱ्याला जन्मभर काही होत नाही. हा कल असतो, शिक्षा नव्हे. कधी तर रिपोर्टचा आकडा ठीक म्हणतात त्या हद्दीच्या अगदी कडेला असतो, तरी अशा घरातल्या माणसाने लक्ष ठेवावं. गेलेल्यांचं निदान आज कोणी छातीठोक करू शकत नाही, हेही त्यांनी बजावलं, ते मला आवडलं. "पर नुसती आदमियों की लिस्ट होती," त्यांनी माझा मराठी शब्द उचलून म्हटलं, "तो मैं सिर्फ दिल देखती. गला तो औरतों में था." लेक सासरी गेली म्हणजे रक्त इथे ठेवून गेली काय, असं मी त्यांना ऐकवलं. कोणाचं वाक्य ते सांगायची गरज पडली नाही.

भाऊने त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू केल्या. थायरॉइडची एक, ठोके आवरायची एक, गाठ होऊ नये म्हणून एक. पहिल्या महिन्यात कुरकुर, दुसऱ्या महिन्यात झोप लागायला लागली. वहिनींचा पंखा आता दोनावर असतो. लग्नातली पँट पुन्हा होत नाही, त्याचं त्याला दुःख आहे. "ताई, मी तर एकदम सरकारी होऊन गेलो," म्हणतो, "कोणी हाक मारली की आधी विचार करतो, मग उठतो." त्याची लेक पुण्यात नोकरीला आहे, तिने फोनवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून रक्त देऊन आली. तिचा आकडा कडेला आहे, दरवर्षी बघायचा. मराठी तिला धड वाचता येत नाही, म्हणून मी तिला तुमची वही वाचून वाचून पाठवते, ती ऐकून टाइप करते. परवा म्हणाली, "आत्या, वो नाना वाला सवाल एक बार और पढ़ो ना." मी तीनदा वाचला.

थोरल्या आत्यांचं निसरपूर धरणाच्या पाण्यात गेलं, लोक वर नव्या वस्तीत राहायला गेले. त्यांचं घर, त्यांची ओसरी, त्यांच्या सासरच्यांनी काही लिहिलं असेल तर तेही, काही राहिलं नाही. पण त्यांचा गळा कसा होता ते तुमच्या वहीत आहे, आणि आता डॉक्टरांच्या फायलीतही आहे, एक गोल आणि त्यापुढे खूण. ज्या बाईने मला रक्ताला हात लावायला मनाई केली, तिच्याच रक्ताच्या माहितीने तिचा भाचा वाचला. आत्यांना हे कळलं असतं तर त्यांनी माझ्याशी आधी भांडण काढलं असतं आणि मग लाडू केले असते. लोक म्हणतात आपल्या घरात दिवाण झाले, कारभारी झाले. होऊ देत. मी आता कोणी विचारलं की सांगते, आमच्या घरात एक मास्तर झाले, त्यांनी बायकांची पानं गाळली नाहीत. मला तुमचा फार अभिमान वाटतो, नाना. तुम्ही असताना हे तोंडावर म्हणायची आपल्याकडे पद्धत नव्हती.

भाऊ उठल्याचा आवाज येतोय, चहा टाकायला हवा. हे पत्र काही कुठे जायचं नाही, मीच घडी घालून ठेवीन. पण एक सांगितल्याशिवाय उठवत नाही. आज निघताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "और काकी, आपका रिपोर्ट?" मी म्हटलं, "ठीक है." नाना, मी खोटं बोलले. भाऊचं काढलं, चुलत भावंडांचं काढलं, वहिनींचं उगाच काढलं, माझं नाही काढलं. बासष्टाव्या वर्षी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते, पहाटे चारला जाग येते, पौषात मला शाल लागत नाही, आणि लोक म्हणतात अगदी वडिलांवर गेलीस. माझ्यात तुमचं म्हणून जे काही आहे, ते एका गोळीने उतरून जाईल, असं वाटतं मला. थायरॉइडच्या तपासणीला उपाशीसुद्धा राहावं लागत नाही, हे मी लॅबच्या खिडकीतून हजारो लोकांना सांगितलंय, त्यामुळे मला सबबही उरलेली नाही, नुसती भीती आहे.